अचूकरावांची सुई

त्या प्राणिसंग्रहालयात बंदूक एकच होती, आणि तिच्यातून गोळी सुटत नसे, सुई सुटत असे. बोटाएवढी जाड, पोटात भुलीचं औषध भरलेली, मागे लाल गोंडा लावलेली. वाघाची दाढ किडली, अस्वलाच्या पंज्यात काही रुतलं, झेब्र्याचे खूर वेडेवाकडे वाढले, की आधी त्या जनावराला झोपवावं लागतं, आणि 'जरा आडवे व्हा' म्हटल्यावर आडवं होणारं जनावर अजून कुणाच्या पाहण्यात आलेलं नाही. मग मागच्या इमारतीत निरोप जायचा आणि अचूकराव खांद्यावर बंदूक टाकून निघायचे. चालण्यात घाई नसायची. वाटेत कुणी भेटलं तर दोन शब्द बोलायचे, पण थांबायचे मात्र नाहीत.

खरं नाव हजेरीपत्रकावर होतं आणि तिथेच पडून होतं. पगार वाटणाऱ्या कारकुनालासुद्धा ते दर महिन्याला शोधावं लागे. अचूकराव हे नाव त्यांना एका जुन्या पहारेकऱ्याने चेष्टेने दिलं होतं, पण त्यांनी ते असं काही अंगाला लावून घेतलं की चार-पाच वर्षांत चेष्टा गळून पडली आणि नाव राहिलं. खरं सांगायचं तर त्यांना ते फार आवडायचं. कुणी नवीन माणूस कामावर रुजू झाला की दोन दिवसांत त्याच्या कानावर ते आपोआप जाईल अशी व्यवस्था ते स्वतःच करत.

त्यांची सुई मारण्याची रीत पाहण्यासारखी होती. बंदूक कमरेशी धरून ते जनावरासमोर नुसते उभे राहायचे. कधी त्याच्याशी बोलायचेही. "काय गं, आज रुसलीस का?" असं वाघिणीला विचारायचे. दोन्ही डोळे उघडे. नजर जनावराच्या मांडीवर नाही, मांडीवरच्या एका केसाच्या झुपक्यावर. तो झुपका एवढा स्पष्ट दिसायला लागायचा की बाकीची वाघीण नाहीशी व्हायची, आणि मग बंदूक वर येऊन सुई सुटलेली असायची. नळीवर नेम धरायची जी खूण असते तिच्याकडे त्यांनी तीस वर्षांत बघितलं नव्हतं. नवी बंदूक आली तेव्हा तिच्यावर दुर्बीण बसवलेली होती. ती त्यांनी पहिल्याच दिवशी स्क्रू काढून वेगळी केली आणि कपाटात टाकली. पुढे डॉक्टरीणबाई, म्हणजे तिथल्या जनावरांच्या डॉक्टर, त्या दुर्बिणीतून खिडकीबाहेरचे बगळे बघायच्या.

या बंदुकीत दारू नसते, दाबलेली हवा असते. जनावर लांब असेल तर बंदुकीवरची चावी फिरवून दाब वाढवायचा, जवळ असेल तर कमी करायचा. दाब जास्त झाला तर सुई हाडापर्यंत घुसते, कमी झाला तर वाटेतच खाली येते. दुसरा कुणी असता तर त्याने अंतर मोजलं असतं, तक्ता पाहिला असता. अचूकराव एकदा जनावराकडे बघायचे आणि चावीला हात घालायचे. किती फिरवायची ते हाताला कळायचं. डोळ्याने बघायचं आणि हाताने करायचं, मध्ये डोक्याने लुडबुड करायची नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि ते ऐकून ऐकून त्यांच्या बायकोचे कान किटले होते.

हे सगळं त्यांना बंदुकीने शिकवलं नव्हतं, माशांनी शिकवलं होतं. विशीत ते तिथे लागले ते पाणपक्ष्यांच्या तळ्यावर, बादलीतले मासे टाकायला. तळ्यात पेलिकन होते, त्यातला एक म्हातारा आणि लंगडा. बाकीचे त्याला पुढे येऊ देत नसत. मग हा विशीतला गडी तळ्याच्या काठावरून सगळ्यांच्या डोक्यावरून मासा असा भिरकवायचा की तो थेट म्हाताऱ्याच्या उघड्या चोचीत जाऊन पडायचा. रोज अकरा मासे. त्या वेळचे थोरले डॉक्टर एक दिवस मागे उभे राहून हे बघत होते. त्यांनी याला मागच्या इमारतीत नेलं, हातात बंदूक दिली आणि भिंतीशी ठेवलेल्या गवताच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. याने सिनेमात पाहिलं होतं तसा एक डोळा मिटला, गाल बंदुकीला टेकवला, श्वास रोखला आणि सुई गठ्ठ्याच्या वरून भिंतीवर आपटली.

"मासा फेकताना डोळा मिटतोस का?" थोरले डॉक्टर म्हणाले.

"नाही."

"मग आता का मिटलास? मासा फेक."

दुसरी सुई गठ्ठ्यात गेली. तिसरी तिच्या शेजारी. तिथपासून ते निवृत्तीला दोन वर्षं राहिली तोपर्यंत, चुकलेली सुई म्हणून कुणाला दाखवता येईल अशी एकच होती, आणि तीही अचूकरावांच्या नावावर नव्हती. ती पेंढ्याच्या नावावर होती.

पेंढ्या हरणांकडे असायचा. हे टोपणनाव त्याला केसांत कायम अडकलेल्या गवताच्या काड्यांवरून पडलेलं. अचूकरावांपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, किडकिडीत, बोलायला कमी. त्याने जिभेने टक् टक् आवाज केला की मोकळ्या कुरणातली सव्वीस हरणं माना वर करून त्याच्याकडे चालत यायची. माणसांच्या बाबतीत मात्र तो आवाज त्याला कधी सापडला नाही. चार माणसांत बसला की कोपरा धरायचा. अचूकरावांचं त्याला भारी कौतुक. दुसऱ्या विभागात सुई मारायची असली तरी तो बादली खाली ठेवून बघायला यायचा.

चौदा महिन्यांपूर्वी एका हरिणीच्या जबड्याखाली गळू झालं. ते कापायचं तर तिला झोपवणं भाग होतं. सकाळची वेळ, कुरणात ऊन पडलेलं, पेंढ्याने टक् टक् करून कळप जवळ बोलावला आणि बादली घेऊन अचूकरावांच्या मागे उभा राहिला. हरिणी कुरणाच्या मधोमध आडवी उभी होती. अचूकरावांनी तिच्याकडे बघितलं, चावी फिरवली, झुपका धरला आणि सुई सोडली. त्याच सुमारास पेंढ्या खोकला. सुई मांडीत गेली नाही, खाली येऊन पोटात घुसली. पोटात गेलेलं औषध नीट लागत नाही. अर्धवट भुलीत हरिणी भेलकांडत धावत सुटली, कुंपणाच्या जाळीवर जाऊन आदळली आणि तिची मान मोडली. सगळे धावले. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसल्या, हरिणीच्या छातीला कान लावला आणि तसाच थोडा वेळ ठेवला.

अचूकरावांच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते हे. "खोकलास तू."

चौकशी झाली, तीन जणांची समिती बसली. कर्मचाऱ्याच्या खोकण्याने जनावर बिचकलं, ऐन वेळी हललं आणि त्यामुळे सुई अयोग्य जागी लागली, असं त्यांनी लिहिलं. अचूकरावांना विचारलं तेव्हा त्यांनी हो म्हटलं. पेंढ्याला विचारलं तेव्हा त्यानेही मान डोलावली. आठवड्याभरात त्याला हरणांवरून काढून फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं. तिथून कुरण दिसत नाही. अचूकराव रोज सकाळी त्याच फाटकातून आत यायचे, "काय पेंढ्या?" म्हणायचे, आणि तोही "या, अचूकराव" म्हणायचा. त्याच्या खिशात आता कायम घशाच्या गोळ्यांची पुडी असायची. बोलताना एक गोळी या गालातून त्या गालात जायची.

हे असंच चालू राहिलं असतं. पण वर कुणालातरी जाग आली आणि नियम निघाला, की पंचावन्नच्या पुढच्या ज्या कर्मचाऱ्याच्या हातात बंदूक आहे त्याने डोळे तपासून दाखला आणावा. अचूकरावांना नियमाचा राग नाही आला, हसू आलं. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "माझे डोळे तपासणार म्हणे. उद्या माशाला पोहता येतं का तेही तपासतील." बायको म्हणाली, "तपासू द्या की. फुकट आहे." आणि तीही बरोबर निघाली, कारण तिला स्वतःचा चष्मा बदलायचा होता.

दवाखान्यात एका मुलीने त्यांना खुर्चीवर बसवलं, समोर अक्षरांचा तक्ता लावला, डाव्या डोळ्यावर काळी झाकणी ठेवली आणि वाचायला सांगितलं.

अचूकरावांनी समोर पाहिलं. "आधी दिवा लावा," ते म्हणाले.

"दिवा लावलेलाच आहे, काका."

त्यांना वाटलं मुलगी गंमत करतेय. त्यांनी झाकणी बाजूला केली तर तक्ता लख्ख उजेडात होता, सगळ्यात बारीक ओळीपर्यंत वाचता येत होता. झाकणी परत ठेवली आणि समोर दुधाळ, मळकट काहीतरी पसरलं, त्यात एक सावली हलत होती. ती सावली म्हणजे ती मुलगी होती. त्यांनी झाकणी पुन्हा काढून पाहिली, पुन्हा ठेवली. सावली तिथेच होती.

आतल्या खोलीत डोळ्यांचे डॉक्टर होते, बोलके आणि निवांत. त्यांनी यंत्रातून बघितलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय. दोन वर्षं तरी झाली असतील. तुम्हाला कळलं कसं नाही?"

"मी दोन्ही डोळे उघडे ठेवतो," अचूकराव म्हणाले. दुसरं काय सांगणार? जो माणूस एक डोळा मिटून नेम धरतो त्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं. यांनी उभ्या जन्मात डोळा मिटला नव्हता. डावा डोळा बिचारा दोघांचं काम ओढत होता आणि उजवा नुसता हजेरी लावत होता.

"पण मी काम करतो, डॉक्टर. सुई मारतो. वाघाला, अस्वलाला. परवासुद्धा मारली, लागली."

डॉक्टरांना यात रस वाटला. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण यांच्या हातात दिलं आणि पेन हातभर अंतरावर उभं धरलं. "टोपण लावा. हात न अडखळता, एका दमात."

अचूकरावांनी हात पुढे केला. टोपण पेनच्या अलीकडेच हवेत खाली आलं. पुन्हा केला. पुन्हा अलीकडे. तिसऱ्या खेपेला पेनला घासून गेलं.

"दिशा एका डोळ्यानेही कळते," डॉक्टर म्हणाले. "अंतर कळायला दोन लागतात. ओळखीच्या जागी तुमचं जुन्या सवयीवर भागत असणार. घरातल्या पायऱ्या कशा अंधारातही उतरता येतात, तसं. नवख्या, मोकळ्या जागेत फसायला होतं. पण काळजी करू नका. साधं ऑपरेशन आहे, पंधरा दिवसांत नीट दिसायला लागेल."

काळजी करू नका हे ऐकायला अचूकराव तिथे नव्हतेच. ते मनाने एकेका पिंजऱ्यासमोर जाऊन उभे राहत होते. अस्वल नेहमी हौदाच्या कडेला बसतं, तिथवर बारा पावलं. वाघीण सळ्यांच्या मागच्या फळीवर, सात पावलं. झेब्रा भिंतीशी. तीस वर्षांत ही अंतरं बदललेली नव्हती, हाताला पाठ होती, डोळा असो की नसो. फक्त कुरण तेवढं मोकळं होतं. तिथे मोजायला भिंत नाही, फळी नाही, हौद नाही. तिथे खरंच बघावं लागतं. तिथे त्यांना हरिणी होती त्यापेक्षा जवळ दिसली होती, त्यांनी दाब कमी ठेवला होता आणि सुई वाटेत खाली आली होती. हलली कोण? कुणीच हललं नव्हतं.

घरी पोचेपर्यंत ते बायकोच्या दोन पावलं मागे राहिले. बायकोला वाटलं, घाबरले ऑपरेशनला. घरी आल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे किटलीतून दोघांना चहा ओतला आणि आज पहिल्यांदा ओतताना नीट पाहिलं. त्यांच्या कपाभोवती चहाचं छोटंसं तळं झालं होतं.

"हे रोज होतं?" त्यांनी विचारलं.

"वर्ष झालं," बायको म्हणाली. "म्हणून तर खाली फडकं घालायला लागले. तुम्ही म्हणायचात, किटलीचं तोंड वाकडं आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? अचूकरावांचा नेम कपात बसत नाही म्हणून?" ती हसली, आणि त्यांचा चेहरा पाहून हसायची थांबली. "अहो, काय झालं?"

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. पेनचं सांगितलं, कुरणाचं सांगितलं, आणि त्याहून खालचं, चौदा महिने जे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. सुई सुटते त्या क्षणी हाताला कळतं, लागणार की नाही. मासे फेकायचे तेव्हाही कळायचं. हात रिकामा होतो तो एक तर सुखाने होतो, नाही तर पायरी चुकल्यासारखा होतो. त्या दिवशी हात पायरी चुकला होता. सुई अजून हवेत असताना त्यांना कळलं होतं. आणि तेवढ्यात खोकला ऐकू आला, आणि बुडणाऱ्याने हाताला लागेल ते धरावं तसा त्यांनी तो धरला.

"लाज वाटते मला," अचूकराव म्हणाले. "डोळ्याची नाही. डोळा काय, कुणाचाही जातो. मी त्या माणसाकडे बोट केलं त्याची."

बायकोने चहाचं तळं फडक्याने टिपलं. मग ती म्हणाली, "पेंढ्याभावजी अजून फाटकावरच आहेत ना?"

"हं."

"मग माझ्याजवळ काय बसून राहिलात?" ती म्हणाली. पण आवाजात धार नव्हती, आणि तिने त्यांच्यासाठी पुन्हा चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी अचूकराव आधी डॉक्टरीणबाईंकडे गेले. फाटकावर गेले नाहीत, कारण नुसतं तोंडाने सांगून पेंढ्याला काय मिळणार होतं? नेहमीच्या फाटकाने आत यायचा धीरही झाला नाही, ते मागच्या दाराने आले. डॉक्टरीणबाई तिशीतल्या, कामाला वाघ, त्यांना 'काका' म्हणायच्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, एक विचारू? हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"बायकोला."

"मग असं करू. तुम्ही ऑपरेशन करून घ्या. नवा दाखला आणा. दोन वर्षं राहिलीत, मानाने निवृत्त व्हा. पेंढ्याची बदली मी वेगळं काही कारण काढून परत हरणांवर करून घेते. त्याची फाईल उघडायची गरजच नाही."

अचूकरावांना मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. चांगलाच झाला. डोळा परत येणार होता, बंदूक राहणार होती, नाव राहणार होतं, पेंढ्याला हरणं मिळणार होती. सगळ्यांचं भलं. ते खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसून राहिले.

"आणि मी लिहून दिलं तर?"

"तर चौकशी पुन्हा होईल. दृष्टी अधू असताना बंदूक चालवली असं लिहिलं जाईल. मग डोळा कितीही चांगला झाला तरी बंदूक परत तुमच्या हातात कोणी देणार नाही. आणि तीस वर्षांचं..." त्या थांबल्या. "लोक तेवढं एकच लक्षात ठेवतील, काका."

"पेंढ्याचंही एकच ठेवलंय," अचूकराव म्हणाले. "कागद द्या."

त्यांनी लिहिलं. ओळी तिरप्या होत उजवीकडे खाली गेल्या, पण अक्षर लागत होतं. सुई माझ्या चुकीच्या अंदाजाने खाली लागली, जनावर हललं नव्हतं, खोकण्याचा काही संबंध नव्हता, ते मी घाबरून बोललो. खाली सही केली, हजेरीपत्रकावर असते ती, पूर्ण नावाची. डॉक्टरीणबाईंनी वाचून त्यावर तारीख आणि शिक्का मारला, आणि एक प्रत त्यांच्या हातात दिली. मग बंदुकीच्या कपाटाची किल्ली अचूकरावांनी स्वतःच टेबलावर ठेवली. बाईंनी ती लगेच उचलली नाही, आणि अचूकरावांना ते बरं वाटलं.

फाटक उघडायला अजून पंधरा-वीस मिनिटं होती. पेंढ्या उंच स्टुलावर बसून तिकिटं फाडायचा डबा पुसत होता. आज अचूकराव आतल्या बाजूने आलेले पाहून त्याला नवल वाटलं.

"या, अचूकराव. आज उलटे?"

अचूकरावांनी कागद पुढे केला. पेंढ्याने हात पँटला पुसले आणि घेतला. तो वाचायला सावकाश होता. एकदा वाचला, आणि पुन्हा वरून सुरुवात केली. गालातली गोळी हलायची थांबली होती.

"माझा उजवा डोळा गेलाय," अचूकराव म्हणाले. "तेव्हाच गेला होता. मला माहीत नव्हतं, पण सुई चुकली हे माहीत होतं. तुझी काही चूक नव्हती. मला माफ कर असं म्हणायला आलोय, पण केलंच पाहिजेस असं काही नाही."

पेंढ्या कागदाकडेच बघत राहिला. बाहेर जाळीपलीकडे एक-दोन कुटुंबं येऊन उभी होती, एक लहान मूल सळ्यांतून हात घालून आत बोट दाखवत होतं.

"मी नंतर खोकलो होतो," पेंढ्या म्हणाला.

"काय?"

"सुई सुटल्यावर. आधी तुमच्या बंदुकीचा फट् आवाज झाला, सुई खाली जाताना मी पाहिली, आणि मग घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, म्हणून खोकलो. मला नीट आठवत होतं."

"अरे, मग बोलला का नाहीस? समितीसमोर मान का डोलावलीस?"

"तुम्ही म्हणालात ना, खोकलास तू म्हणून." पेंढ्या हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता, जसं घडलं तसं सांगत होता. "तुमचा नेम चुकत नाही. पंधरा वर्षं बघत होतो मी. मग म्हटलं, मलाच उलटं आठवत असणार. आधी खोकलो असेन. आणि मग रोज तेच तेच डोक्यात घोळवून घोळवून खरंच तसं आठवायला लागलं. आता तर मला ठामपणे सांगता येईना. आज हा कागद वाचला तेव्हा तो फट् आवाज परत आधी आला."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. अचूकरावांना वाटलं, याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. हरिणी मेली ती सुईने. पण हा माणूस चौदा महिने स्वतःच्या कानांना खोटं पाडत बसला तो आपल्या नावामुळे. एवढं मोठं नाव त्यांनी हौसेने मिरवलं होतं, आणि ते कुणाच्या छातीवर बसलंय हे एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

"मी काय करू, सांग," ते म्हणाले. "कागद दिलाय. चौकशीत समोर उभा राहून सांगेन. आणखी काय करू?"

पेंढ्याने विचार केला. बाहेरून कुणीतरी फाटक वाजवलं, तरी तो उठला नाही.

"संध्याकाळी घरी या," तो म्हणाला. "बायकोला सांगा. आणि थोरल्या लेकीला. मीच त्यांना सांगितलं होतं, माझ्यामुळे हरीण मेलं म्हणून. लेक तेव्हापासून मला इथे डबा द्यायला आली की आत येत नाही, फाटकातूनच परत जाते. मी आता जाऊन म्हटलं की मी आधी खोकलोच नव्हतो, तर त्यांना वाटेल मनाचं समाधान करून घेतोय. माझं कोण ऐकणार? तुम्ही सांगितलंत तर खरं वाटेल."

संध्याकाळी अचूकराव बायकोला घेऊन निघाले. पेंढ्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात उजेड होता, तरी अनोळखी पायऱ्या होत्या, म्हणून त्यांनी बायकोचा हात धरला आणि एकेक पाय चाचपत चढले. दार पेंढ्याच्या बायकोने उघडलं. तिच्या मागे लेक उभी होती, हातात पुस्तक, आणि पेंढ्या आत खिडकीशी होता, अजून कामाच्या कपड्यांत.

"अगंबाई, अचूकराव," ती म्हणाली. "आमच्याकडे? या ना, बसा. चहा टाकते."

"चहा नंतर, वहिनी," ते म्हणाले. पेंढ्याच्या बायकोचा चेहरा त्यांना नीट दिसत होता, लेकीचा आईच्या आड अर्धाच. ते उंबऱ्याच्या आत आले, पण बसले नाहीत. "आधी मला अचूकराव म्हणू नका. ते का म्हणायचं नाही, हेच सांगायला आलोय."

आणि त्यांनी लेकीकडे बघत सुरुवात केली.